शेजारी काय करीत होते?

नाझी जर्मनीचा पाठ चालू असता नववीतील एका विद्यार्थ्याने आम्हांस विचारले, "हे सारे घडत असताना शेजारी काय करीत होते?" आम्ही अडखळलो. या प्रश्नासाठी जर्मनीपर्यंत जावे लागत नाही. अलकापुरीतून रिक्षाने हनुमान टेकडीपर्यंत गेले तरी तो भेटतो.

१ मार्च २००२ च्या रात्री तेथील बेस्ट बेकरीस जमावाने वेढा घालून आग लावली. हा प्रकार दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत चालला. १४ माणसे मेली. त्यांत बेकरीवाल्या मुसलमान कुटुंबातील बायकामुले होती, तसेच तेथे राबणारे ३ हिंदू कामगारही होते. याला वंशसंहार म्हणावे की दंगल, हा वाद पंडितांनी घालावा. वंशसंहाराविरुद्धच्या १९४८ च्या आंतरराष्ट्रीय करारात भारत १९५९ साली सामील झाला. त्यात गुन्हेगारास शिक्षा करण्याबरोबरच संहार होऊ न देणे हेही राज्याचे कर्तव्य मानले आहे. तेव्हा मारणाऱ्यानंतर पहिला दोष, ज्याच्या हाती थांबविण्याचे बळ होते त्याचा. १९९४ साली रुआंडात संहार चालू असता संयुक्त राष्ट्रांनी तेथील आपले सैन्य उलट घटविले, तोही दोष याच जातीचा.

पुढे २००३ साली सर्व २१ आरोपी सुटले. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने राज्यकर्त्यांवर कठोर ताशेरे ओढून खटला महाराष्ट्रात नव्याने चालविण्यास सांगितले. २००६ साली मुंबईत ९ जणांस जन्मठेप झाली. २०१२ साली उच्च न्यायालयाने त्यांतील ४ जणांचीच कायम ठेवली.

आम्हांस मात्र प्रमुख साक्षीदार तरुणीचा विचार सोडत नाही. तिने जबानी पुनःपुन्हा फिरविली, म्हणून २००६ साली तिला एक वर्षाची कैद झाली. भयाने फिरविली की मोहाने, हे आम्ही ठरवू इच्छीत नाही. खोटी साक्ष वाईटच. परंतु जिचे आप्त जळाले ती तुरुंगात गेली, आणि तिने निर्भयपणे बोलावे म्हणून तिच्या पाठीशी उभे न राहिलेले आपल्यासारखे सुशिक्षित, सुरक्षित नागरिक घरीच राहिले. मौनाला कायद्यात कलम नाही.

आमच्या कोकणीत "आमकां कितें?" म्हणतात, मराठीत "आपल्याला काय त्याचे?", येथील गुजरातीत "आपणे शुं?". तिन्ही भाषा आम्हांस येतात, आणि तिन्हींत हे वाक्य आम्ही स्वतः उच्चारले आहे.

त्या विद्यार्थ्यास "पुढच्या तासाला सांगतो" असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली होती. तो आता दहावीत आहे.