शटरची लिमिट समोर उभे राहून लावून घ्या

कापडाच्या दुकानांना आता बटनावरचे शटर सर्रास बसते. आपले व्यापारी बांधव मोटरची ताकद विचारतात, लिमिट मात्र कारागिराच्या मर्जीवर सोडतात. हे मला पटत नाही.

शटर वर आणि खाली कुठे थांबावे, हे लिमिट ठरवते. पाइपात बसणाऱ्या साध्या मोटरला त्यासाठी डोक्याजवळ दोन स्क्रू असतात. खालची लिमिट जास्त झाली की शटर जमिनीला टेकूनही मोटर फिरत राहते, पट्ट्या सैल पडून अडकतात. कमी झाली की कुलपाची कडी जुळत नाही, आणि पावसाचे पाणी सरळ खालच्या ताग्यांपर्यंत. वरची चुकली तर शटर चौकटीवर आदळते, मोटर तापते. त्यात नमाजच्या वेळा, जुमा, रमजानच्या रात्री. आपले शटर इतरांपेक्षा जास्त वेळा खाली-वर होते.

म्हणून स्क्रू थोडा थोडा फिरवून दर वेळी शटर चालवून बघायला लावावे. तोवर दुकानातल्या पोऱ्याला शटरखाली उभे करू नये. स्क्रूची चावी बिलाबरोबर मागून घ्यावी. कारागीर कुरकुरतात, कुरकुरू द्या! वीज गेल्यावर शटर उचलण्याचे हँडलही त्याच दिवशी फिरवून बघावे.