अ‍ॅपची कमाई आणि वापरणाऱ्याची अमानत

आपल्या समाजातली तरुण मुले आता एआयवर चालणारी अ‍ॅप बनवू लागली आहेत. कुणाला उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवायची आहे, कुणाला शिष्यवृत्तीची माहिती द्यायची आहे, तर कुणाला वारसाहक्काच्या वाटणीचा हिशोब करून द्यायचा आहे. ही फार आनंदाची गोष्ट आहे. अ‍ॅप बनवणे आता पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. ते चालू ठेवणे मात्र अवघड आहे. पैशाचा प्रश्न आला की पहिला सल्ला मिळतो, 'जाहिराती लाव.'

माझा एक जुना विद्यार्थी दहावीच्या उर्दू माध्यमाच्या मुलांसाठी असेच एक अ‍ॅप बनवत आहे. मुलाने उर्दूत किंवा मोडक्यातोडक्या मराठीत प्रश्न विचारायचा आणि अ‍ॅपने सोप्या मराठीत उत्तर द्यायचे. त्याने मला व्याकरण तपासायला सांगितले आणि सोबत एक यादी दाखवली. त्यात अ‍ॅडमॉब, युनिटी, अ‍ॅपलोविन, मेटा, इनमोबी अशी जाहिरात नेटवर्कांची नावे होती आणि प्रत्येकापुढे हजार जाहिरातींमागे मिळणारा अंदाजे दर लिहिला होता. त्याचा प्रश्न साधा होता, 'सर, यातले कोणते घेऊ?'

मी भाषेचा शिक्षक आहे, प्रोग्रामर नाही. तरी त्या निमित्ताने या नेटवर्कांची धोरणे वाचली, त्यांचा इतिहास पाहिला. त्यावरून माझे मत असे झाले की त्या यादीत दराचा रकाना सगळ्यात शेवटी असायला हवा. हे मत केवळ धार्मिक भावनेतून आलेले नाही, त्यामागे हिशोबही आहे.

आधी हिशोब पाहू. साध्या गेममध्ये खेळणारा तासभर खेळला तरी मालकाचा खर्च फारसा वाढत नाही. एआय अ‍ॅपचे तसे नाही. तिथे प्रत्येक प्रश्नाला पैसे पडतात, कारण उत्तर देणारे मॉडेल दुसऱ्या कंपनीचे असते आणि ती कंपनी शब्दांच्या तुकड्यांवर, म्हणजे टोकनवर, बिल लावते. आपल्या भाषांची यात जुनी अडचण आहे. मे २०२४ मध्ये ओपनएआयने नवे मॉडेल आणताना काही उदाहरणे दिली होती. त्यात एकाच आशयाच्या मजकुराला जुन्या पद्धतीत इंग्रजीत २७ टोकन लागत होते, मराठीत ९६ आणि उर्दूत ८२. नव्या पद्धतीत इंग्रजीला २४ लागले, मराठी आणि उर्दूला ३३. फरक खूप कमी झाला, पण मिटला नाही.

आता समजण्यासाठी काल्पनिक आकडे घेऊ. समजा एका उत्तराला २० पैसे खर्च येतो आणि हजार बॅनर जाहिरातींमागे ८० रुपये मिळतात, म्हणजे एका जाहिरातीला ८ पैसे. मुलाने दिवसात दहा प्रश्न विचारले तर खर्च २ रुपये आणि प्रत्येक उत्तराखाली एक बॅनर लावून कमाई ८० पैसे. म्हणजे मुले जितकी वाढतील तितका तोटा वाढेल. इथेच बनवणारा घाबरतो आणि जास्त दर देणाऱ्या नेटवर्ककडे धावतो. जास्त दर कुठून येतो, हे मात्र तो विचारत नाही.

जास्त दर मुख्यतः दोन ठिकाणांहून येतो. एक, वापरणाऱ्याची जास्त माहिती जाहिरातदाराला मिळाली तर. दोन, जाहिरातदार असा असेल की ज्याच्या धंद्यात एका गिऱ्हाइकामागे मोठी रक्कम सुटते. जुगार, झटपट कर्ज, 'घरबसल्या श्रीमंत व्हा' ही त्याची नेहमीची उदाहरणे. म्हणजे दर हा नुसता आकडा नसतो. आपल्या अ‍ॅपमधून कोण काय उचलून नेत आहे, त्याची ती किंमत असते.

पहिल्या मुद्द्याचा धडा आपल्याला फार जवळून मिळालेला आहे. नमाजच्या वेळा आणि किब्ल्याची दिशा दाखवणारे 'मुस्लिम प्रो' हे अ‍ॅप ९ कोटी ८० लाखांहून अधिक वेळा डाउनलोड झाले होते. नोव्हेंबर २०२० मध्ये 'मदरबोर्ड' या अमेरिकी प्रकाशनाने बातमी दिली की हे अ‍ॅप लोकांच्या ठिकाणाची माहिती 'एक्स-मोड' नावाच्या कंपनीकडे पाठवते आणि त्या कंपनीच्या गिऱ्हाइकांमध्ये अमेरिकी लष्कराचे कंत्राटदार आहेत. मुस्लिम प्रोने लष्कराला माहिती विकल्याचा आरोप नाकारला आणि एक्स-मोडशी संबंध तोडत असल्याचे जाहीर केले. डिसेंबर २०२० मध्ये अ‍ॅपल आणि गुगल या दोघांनी एक्स-मोडचा कोड असलेल्या अ‍ॅपना तो काढून टाकायला सांगितले. पुढे जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने या कंपनीला संवेदनशील ठिकाणांची माहिती विकण्यास मनाई करणारा आदेश आणला. या ठिकाणांमध्ये प्रार्थनास्थळेही येतात.

वाचकहो, यात एक गोष्ट नीट समजून घ्या. अ‍ॅप बनवणारा स्वतः बसून कुणाची माहिती विकत नाही. तो एक तयार कोड, ज्याला एसडीके म्हणतात, आपल्या अ‍ॅपमध्ये जोडतो आणि त्याबदल्यात पैसे मिळतात. जाहिरात नेटवर्कही याच दाराने आत येते. दार आपण उघडलेले असते. माणूस वजू करून फोन हातात घेतो, किब्ला पाहतो, आणि त्याला पत्ताही नसतो की त्याच्या उभे राहण्याच्या जागेची कुठेतरी किंमत ठरली आहे. अमानत याला म्हणत नाहीत.

भारतीय कंपनी असली म्हणजे चिंता नाही, असेही नाही. बंगळूरुच्या इनमोबीने परवानगीशिवाय लोकांच्या ठिकाणाचा माग ठेवला, त्यात लहान मुलेही होती, असा आरोप फेडरल ट्रेड कमिशनने केला होता. २०१६ मध्ये ९ लाख ५० हजार डॉलरचा दंड भरून ते प्रकरण मिटले. म्हणून देश पाहू नका, धर्म पाहू नका. त्या नेटवर्कचा कोड फोनमधून काय काय मागतो, ते पाहा. मराठी शिकवणाऱ्या अ‍ॅपला मुलाचे ठिकाण कशाला हवे? परवानगीच मागितली नाही तर निम्मा धोका तिथेच टळतो.

दुसरा मुद्दा जाहिराती कोणत्या दिसणार हा. अ‍ॅडमॉबसारख्या नेटवर्कमध्ये काही वर्ग बंद करण्याची सोय असते. जुगार, दारू, डेटिंग, ज्योतिष, झटपट श्रीमंती असे वर्ग बंद ठेवता येतात आणि जाहिराती सर्व वयोगटांना चालतील इतक्याच असाव्यात अशी मर्यादाही घालता येते. एखाद्या नेटवर्कमध्ये ही सोय नसेल किंवा नावापुरती असेल, तर त्याचा दर कितीही असो, ते यादीतून काढून टाकावे. दारू आणि जुगार यांत लोकांना काही फायदा असल्याचे सूरह बकराची २१९ वी आयत नाकारत नाही, पण नुकसान फायद्यापेक्षा मोठे ठरवते. मला ही आयत नेहमी व्यापाऱ्याशी बोलणारी वाटते. तुझा नफा खरा आहे, पण पूर्ण हिशोब कर, असे ती सांगते. आता तर कायदाही या बाजूला आला आहे. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या गेमवर आणि त्यांच्या जाहिरातींवरही बंदी घातली आहे.

मुलांच्या बाबतीत तर निवडीला फारशी जागाच उरत नाही. आपल्या देशाच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येकजण मूल आहे. मुलांचा माग ठेवणे, त्यांच्या वागण्यावर नजर ठेवणे, त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणे, याला हा कायदा मनाई करतो. दंडाची कमाल मर्यादा २०० कोटी रुपये आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य बंधनांसाठी अठरा महिन्यांची मुदत आहे. म्हणजे जो आज दहावीच्या मुलांसाठी अ‍ॅप काढतो, त्याने पहिल्या दिवसापासून माग न ठेवणाऱ्या जाहिरातीच निवडाव्यात.

तिसरा मुद्दा खास एआयचा आहे आणि मला तो सर्वांत गंभीर वाटतो. आता जाहिरात उत्तराच्या आतच गुंफण्याचे प्रस्ताव येऊ लागले आहेत. मुलाने विचारले, 'निबंध कसा सुधारू?' आणि उत्तराच्या तिसऱ्या ओळीत एखाद्या क्लासचे नाव आले, तर ते शिकवणे झाले की विकणे? वर्तमानपत्रात बातमी कुठे संपते आणि जाहिरात कुठे सुरू होते, ते चौकटीवरून कळते. एआयच्या उत्तरात सगळे एकाच सुरात येते. आपल्याकडे हदीसची शिकवण आहे की ज्याचा सल्ला घेतला जातो, तो विश्वस्त असतो. मुलासाठी ते अ‍ॅप उस्तादच्या जागी आहे. उस्तादने फळ्यावर दुकानाचे नाव लिहू नये. जाहिरात हवी तर चौकटीत, 'जाहिरात' असे स्पष्ट लिहून, उत्तराच्या बाहेर.

यावर कुणी म्हणेल, 'हे सगळे ठीक आहे, पण बिल कोण भरणार? अ‍ॅप बंद पडले तर मुलांचेच नुकसान.' हा आक्षेप खरा आहे, त्याला उपदेशाने उत्तर देऊन भागणार नाही. माझे म्हणणे असे की तोटा भरून काढायला आधी खर्चाकडे पाहावे. दहावीचे पुस्तक एकच असते, मुलांचे प्रश्नही बरेचसे तेच असतात. जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात त्यांची उत्तरे एकदा तयार करून, शिक्षकाकडून तपासून जपून ठेवली, तर प्रत्येक वेळी मॉडेलला पैसे मोजावे लागत नाहीत आणि उत्तरही बिनचूक राहते. वरच्या काल्पनिक हिशोबात दहापैकी सात प्रश्न असे सुटले तर खर्च २ रुपयांवरून ६० पैशांवर येतो. त्याच ८० पैशांत आता अ‍ॅप तोट्यात जात नाही.

मग जाहिरात कशी लावायची? दिवसाला काही प्रश्न मोफत द्यावेत आणि त्यापुढे ज्याला हवे त्याने स्वतःच्या मर्जीने एक जाहिरात पाहून आणखी प्रश्न मिळवावेत. याला रिवॉर्डेड जाहिरात म्हणतात आणि तिचा दर साधारणपणे बॅनरपेक्षा चांगला असतो. टाइप करता करता मध्येच पूर्ण पडदा झाकणारी जाहिरात मात्र लावू नये. चुकून बोट पडावे अशा जागी जाहिरात ठेवणे किंवा मित्रांना क्लिक करायला सांगणे ही तर सरळ फसवणूक आहे. नेटवर्क ती पकडते, खाते बंद करते आणि जमा झालेली रक्कमही जाते.

नेटवर्कचे नाव सांगायचेच तर माझा कौल असा आहे. सुरुवात एकाच नेटवर्कने करावी. पाच नेटवर्क एकत्र जोडून बोली लावण्याची सोय मिळते, पण पाच एसडीके म्हणजे पाच दारे. नव्या माणसासाठी अ‍ॅडमॉब बरे, कारण तिथे वर्ग बंद करता येतात, मुलांसाठीच्या अ‍ॅपची नोंद करता येते आणि वैयक्तिक माहितीवर न बेतलेल्या जाहिराती निवडता येतात. ते गुगलचे आहे आणि माहिती गोळा करणे हा गुगलचा धंदाच आहे, हे विसरू नये. म्हणून या तिन्ही सोयी स्वतः सुरू कराव्या लागतात. शिवाय १०० डॉलर जमेपर्यंत पैसे हातात येत नाहीत, तेव्हा पहिले काही महिने बिल खिशातून जाणार, हे धरूनच चालावे.

आणि जाहिरात नेटवर्कच्या बाहेरही पाहावे. भिवंडी, मालेगाव, औरंगाबादमध्ये पुस्तकांची दुकाने आहेत, शिक्षणसंस्था आहेत. महिन्याला ठरावीक रक्कम घेऊन अ‍ॅपच्या पहिल्या पानावर 'यांच्या सहकार्याने' एवढी एक ओळ लिहिली तर कुणाचा माग ठेवावा लागत नाही. शादीच्या मंडपावर आणि जलशाच्या पोस्टरवर खर्च करणारे आपले सधन लोक यासाठीही हात पुढे करतील, पण त्यांच्यापर्यंत कुणी जायला हवे.

माझ्या विद्यार्थ्याला मी यादीत तीन रकाने वाढवायला सांगितले आहेत. हे नेटवर्क फोनमधून काय घेते, कोणते वर्ग बंद करू देते आणि मुलांसाठी काय सोय देते. दराचा रकाना त्यानंतर. तुमच्या घरात, मोहल्ल्यात कुणी अ‍ॅप बनवत असेल तर त्यालाही हे तीन प्रश्न विचारा. आणि तुम्ही स्वतः नमाजचे, कुरआनचे किंवा अभ्यासाचे एखादे अ‍ॅप वापरत असाल तर आज फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याला ठिकाणाची परवानगी का दिली आहे, तेवढे एकदा पाहून घ्या.