रियाज कीं रामरक्षा?

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं दिवेलागणीच्या वेळीं एक वाद उपस्थित झाला. धाकट्या बंधूंची नात सोळा वर्षांची असून ती गायन शिकते. देवापाशीं दिवा लावून आमच्या वहिनींनीं मुलांना रामरक्षेस हांक मारिली. बाकीचीं मुलें आलीं. ही मात्र तंबोरा जुळवीत माजघरांतच बसून राहिली. दुसऱ्यांदां हांक गेली तेव्हां म्हणाली, "मोठ्या आजी, यमन आळवणें हीच माझी रामरक्षा." वहिनींना तें उत्तर लागलें. त्या मजकडे वळून म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही शास्त्र पढलेले. आतां तुम्हीच सांगा, हिचें खरें कीं माझें?"

जन्मभर वर्गांत उत्तरें देण्याची संवय. मीं तत्काळ निकाल दिला, आणि तो मुलीच्या बाजूनें दिला. विश्वनाथानें साहित्यदर्पणांत रसास्वादाला ब्रह्मास्वादाचा सहोदर म्हटलें आहे, तेव्हां पोरीच्या म्हणण्यास आधार आहे, असें सांगितलें. वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. निरांजनांतील वात सारखी करून त्या आंत गेल्या. पढलेल्या माणसानें आधार दाखवून दुसऱ्यास गप्प करावें यांतला आनंद फार वेळ टिकत नाहीं. त्या रात्रीं मला लवकर झोंप लागली नाहीं.

कारण मीं शब्द सांगितला, पण त्याचा अर्थ पाहिला नव्हता. सहोदर म्हणजे एका उदरचे दोघे. तोच तो एक नव्हे. ज्यांच्या घरांत चार भाऊ एकत्र नांदतात त्या वाचकांस हें अधिक विवरून सांगावयास नको. चेहरामोहरा एक, आवाजही एक; परंतु एक जेवला म्हणून दुसऱ्याचें पोट भरत नाहीं.

मग साम्य तें कोठें? काश्मीरचे अभिनवगुप्त इसवी सनाच्या दहाव्या-अकराव्या शतकांत होऊन गेले. भरताच्या नाट्यशास्त्रावरील टीकेंत त्यांनीं हा प्रश्न फार बारकाईनें पाहिला आहे. शकुंतला कण्वाश्रमांतून निघते तेव्हां आपल्या डोळ्यांस पाणी येतें. तें आपल्या मुलीसाठीं नव्हे, आणि कोणा परक्याच्या मुलीसाठींही नव्हे. 'माझें' आणि 'परक्याचें' ही जाणीव तेवढा वेळ गळून पडलेली असते. रसास्वादाच्या आड येणारीं सात विघ्नें अभिनवगुप्तांनीं मोजलीं आहेत, आणि स्वतःच्याच सुखदुःखांत गुरफटून राहणें हें त्यांतील एक आहे. येथवर रसिक आणि योगी यांची वाट एक म्हणावी. तथापि स्वतः थोर शैव साधक असूनही अभिनवगुप्त या दोघांच्या अनुभवांत भेदच करितात. आपणां सामान्यांचें म्हणाल, तर पडदा पडतांच छत्री कोठें ठेविली तें आपणांस आठवतें!

त्यांच्या आधींचे आनंदवर्धन. ध्वन्यालोकाच्या तिसऱ्या उद्योतांत त्यांनीं स्वतःचा एक श्लोक दिला आहे. त्याचा आशय असा कीं, कवीच्या नव्या दृष्टीनें आणि विद्वानाच्या चिकित्सक दृष्टीनें विश्व न्याहाळतां न्याहाळतां मी थकलों, परंतु भगवद्भक्तीसारखें सुख कोठें आढळलें नाहीं. मौज ही कीं, हा श्लोक तेथें आला आहे तो ध्वनि आणि अलंकार यांच्या मिश्रणाचें उदाहरण म्हणून. भक्तीची कबुली द्यावयाची, तीही शास्त्राच्या कसास लावून!

हा कस मला ऐन तारुण्यांतच लागला होता. देवीचें एक स्तोत्र शार्दूलविक्रीडितांत रचून मीं आमच्या शास्त्रीबोवांस दाखविलें. बाराव्या अक्षरावर यति हवा. तो दोन ठिकाणीं शब्दाच्या मधोमध पडला होता. बोवांनीं तेथें नखानें खूण केली. मी म्हणालों, "भाव तर शुद्ध आहे ना?" ते म्हणाले, "मग मनांत म्हणावें. वृत्तांत कशाला बसविलेंस?" स्तोत्र मीं फाडलें, पण तो प्रश्न अजून फाडतां आला नाहीं.

ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय पाहा. शके १२१२ चा हा ग्रंथ, आणि त्या अध्यायांत कुंडलिनीसारखा अवघड विषय. लिहिणारा नाथपंथी योगी. इंद्रियें आवरावयास सांगणारा. तरी आरंभीं तो म्हणतो काय, तर माझ्या मराठी बोलांसाठीं इंद्रियांतच भांडण लागेल. जीभ म्हणेल हा रस माझा, नाक म्हणेल हा परिमळ माझा. ईश्वराचें बोलावयाचें म्हणून शब्दाची मेहनत कमी केलेली तेथें कोठेंच आढळत नाहीं.

उलट मोरोपंत. कौशल्यांत त्यांची बरोबरी कोण करील? ओष्ठ्य वर्ण टाळून रामायण लिहिणारा हा पुरुष! पण माझ्या मतें अशा रचनांपुढें आपण हात जोडतों तो कारागिरीस. केकावलीतही यमकें आहेत, पृथ्वी वृत्त चोख आहे. परंतु तेथें मोर खरोखरच टाहो फोडीत आहे. तेंच कौशल्य, तोच हात. मात्र या वेळीं कवीस कांहीं मागावयाचें आहे.

दुसऱ्या दिवशीं मीं वहिनींपाशीं चूक कबूल केली आणि मुलीसही सहोदराचा खरा अर्थ सांगितला. पोरगी समंजस, सायंकाळीं मुकाट्यानें देवापुढें बसली. परंतु मन तंबोऱ्याकडे. अनुष्टुभाचे चरण एकांत एक मिसळून तिनें रामरक्षा अशी सपाट्यानें उरकावयास घेतली कीं मला हसूं आलें. वहिनींनीं तिच्या हातावर हात ठेवून तिला थांबविलें.

"कां ग, एक सूर हलला तर दहादां घोटून घेतेस ना? मग येथें अर्धा श्लोक गिळलास तो कसा चालला?"

मुलगी माझ्याकडे पाहूं लागली. या खेपेस मी कांहींच बोललों नाहीं. तिनें पदर सारखा केला, नव्हे, हल्लींच्या रीतीप्रमाणें ओढणी, आणि पहिल्या श्लोकापासून पुनः आरंभ केला, सावकाश. तंबोरा त्या दिवशीं अर्धा तास उशिरां जुळला.