‘सर, आम्ही सल्ला देऊ शकत नाही’

शेअर ब्रोकरच्या कस्टमर केअरला फोन लावून ज्याला तुम्ही ‘तुला काही कळतं का रे?’ म्हणून झापलंत, त्या पोराला बहुतेक वेळा सगळं कळत होतं. तुमच्या ऑप्शनची किंमत शून्यावर का आली, इंट्राडेची पोझिशन सव्वातीनच्या सुमारास सिस्टिमने स्वतःहून का कापली, वर त्याचा वेगळा चार्ज का लागला, हे सगळं त्याच्या स्क्रीनवर असतं. तुम्ही उद्या पुन्हा हेच करणार आहात, हेही त्याला तुमच्या ऑर्डर हिस्टरीवरून दिसत असतं. फक्त ते बोलायची मुभा त्याला नसते. मी ठाण्यातल्या अशा एका मजल्यावर, मराठी डेस्कला, अडीच वर्षं हेडसेट लावून बसलोय. त्यामुळे हा लेख तटस्थ नाही.

मुभा का नाही? कंपनी सांगते, सेबीचे नियम. नोंदणी नसलेल्या माणसाने गुंतवणुकीचा सल्ला द्यायचा नाही. नियम चांगला आहे. टेलिग्रामवर ‘शुअर शॉट’ टिप्स विकणारे जे भामटे बोकाळलेत, ते बघता तो आणखी कडक हवा. पण त्याच मजल्यावर, काचेच्या पलीकडे, दुसरा डेस्क असतो. तिथली मुलं पगाराने, वयाने, शिक्षणाने आमच्यासारखीच. त्यांच्या पदाचं नाव मात्र रिलेशनशिप मॅनेजर. त्यांना रोज एक यादी मिळते: खातं उघडलं पण ट्रेड केला नाही असे ग्राहक, तीन महिने झोपलेले ग्राहक, ज्यांचं एफ अँड ओ अजून सुरू नाही असे ग्राहक. ‘सर, तुमच्यासाठी सेगमेंट अ‍ॅक्टिव्हेट करून देतो, फक्त सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट अपलोड करा.’ हा सल्ला धरला जात नाही. याला एंगेजमेंट म्हणतात.

म्हणजे खड्ड्याकडे बोलवायचं तर बोलायला परवानगी आहे. पुढे खड्डा आहे एवढं सांगायचं तर नियम आडवा येतो.

खड्डा हा माझा शब्द झाला, आकडे सेबीचे आहेत. जानेवारी २०२३ मध्ये सेबीने अभ्यास प्रसिद्ध केला: एफ अँड ओमध्ये दहापैकी नऊ वैयक्तिक ट्रेडर तोट्यात. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा मोजलं. तीन आर्थिक वर्षं, एक कोटीहून जास्त माणसं, त्यातले ९३ टक्के तोट्यात, एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर. २०२४-२५ चा आकडा ९१ टक्के. २०२३-२४ मध्ये या ट्रेडर्सपैकी ४३ टक्के तिशीच्या आतले होते, आणि तीन चतुर्थांशांहून जास्त लोकांनी आपलं वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या आत दाखवलं होतं. हा लेख फोनवर वाचणाऱ्या अनेकांचं वय आणि उत्पन्न तेच असणार.

यातली ‘दहापैकी नऊ’ ही ओळ जुलै २०२३ पासून ब्रोकरला अ‍ॅपमध्ये लॉगिनच्या वेळी दाखवावी लागते. तुम्ही ती पाहिली असेल. पाहिली म्हणजे अंगठ्याने बाजूला सारली असेल, कारण खाली मोठं बटण असतं. कंपनीचं काम तिथे संपतं. ग्राहकाने बटण दाबल्याची नोंद झाली, बस.

आता ब्रोकरचा धंदा बघा. ऑर्डरला २० रुपये, हा डिस्काउंट ब्रोकिंगचा प्रचलित दर. तुम्ही कमावलेत तरी २०, गमावलेत तरी २०. दिवसाला चार ऑर्डर म्हणजे ८० रुपये, चहा-वडापावचे पैसे. वर्षात बाजार साधारण २५० दिवस चालतो. झाले २० हजार. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २३,६००. खात्यात भांडवल ५० हजार असेल तर जवळजवळ निम्मं नुसत्या दलालीत गेलं. एसटीटी, स्टॅम्प ड्युटी, एक्स्चेंजचे चार्जेस अजून धरलेलेच नाहीत. हे गणित सातवीतलं पोरगं करेल. फोनवरच्या मुलाने तर एनआयएसएमची परीक्षा दिलेली असते. पण हे गणित त्याने कॉलवर करून दाखवलं तर क्वालिटी ऑडिटमध्ये ‘नकारात्मक बोलणं’ म्हणून मार्क कापले जातात. दोन जणांचे कापलेले मी पाहिलेत. शिवाय सरासरी कॉलची वेळ वाढते ती वेगळीच.

मराठी डेस्क कशासाठी असतो, हेही सांगायला हवं. मायमराठीची सेवा म्हणून कुणी खुर्च्या वाढवत नाही. जळगावच्या शिक्षकाला किंवा तासगावच्या द्राक्षबागायतदाराला हिंदीत फोन गेला तर तो ‘बाद में’ म्हणून ठेवून देतो. मराठीत गेला तर आधी विचारतो, ‘कुठले तुम्ही?’ गाव सांगितलं की त्याचा आवाज सैल होतो. दुसऱ्या कॉलला तो ‘बाळा’वर येतो. कंपनीला हा ‘बाळा’ हवा असतो, कारण तो कन्व्हर्जनच्या टक्क्यात दिसतो. परराज्यातले लोक येऊन आपल्या माणसांना फसवतात, असं आपल्याकडे फार ठसक्यात बोललं जातं. इथे आपल्याच पोराचा आवाज भाड्याने घेतलेला आहे, महिना अठरा-वीस हजारांत.

तोच माणूस दोन-तीन महिन्यांनी आमच्या बाजूला, इनबाउंडला येतो. ओरडत नाही. ओरडणारे परवडतात. हा हळू आवाजात विचारतो, ‘बाळा, तू माझ्या जागी असतास तर काय केलं असतंस?’ त्यावर स्क्रिप्टमधलं उत्तर ठरलेलं: ‘सर, आपणास झालेल्या असुविधेबद्दल आम्ही दिलगीर आहोत.’ असुविधा! मराठीत गैरसोय म्हणतात. आणि बायकोला न सांगता काढलेले साठ हजार जाणं याला आमच्याकडे गैरसोयही म्हणत नाहीत.

स्वतः न केलेल्या गोष्टींची दिलगिरी हा या नोकरीचा मोठा भाग आहे. २४ फेब्रुवारी २०२१ आठवा. एनएसईचे व्यवहार सकाळी ११.४० ला थांबले. बाजार नेहमीप्रमाणे साडेतीनला बंद होणार असं धरून बऱ्याच ब्रोकर्सनी ग्राहकांच्या इंट्राडे पोझिशन्स बीएसईवर कापून टाकल्या. मग कळलं की एनएसई पावणेचारला उघडणार आणि बाजार पाचपर्यंत चालणार. बिघाड एक्स्चेंजच्या व्यवस्थेत, कापायचा निर्णय ब्रोकरच्या रिस्क टीमचा. पण ग्राहकाच्या हातात त्या दिवशी एकच नंबर होता, आणि तो वाजतो ना एक्स्चेंजमध्ये ना रिस्क टीममध्ये. तो वाजतो वीस-बावीस हजारवाल्याच्या कानात. मध्ये उशी ठेवावी तसा तो ठेवलेला असतो.

‘मग सोड ना नोकरी’ हे उत्तर मी भरपूर ऐकलंय, बहुधा अशांकडून, ज्यांचं घरभाडं दुसरं कुणीतरी भरतं. बी.कॉम. झालेल्या, इंग्रजी जेमतेम असलेल्या मुलामुलींना एसीतली, महिन्याच्या महिन्याला पगार देणारी ही नोकरी आहे. सोडली तर खुर्ची दुपारपर्यंत भरते. आमच्या बॅचचे वीसपैकी चौदा जण वर्षाच्या आत गेले. मजल्यावर काही फरक पडला नाही.

फरक पाडायचा तर सेबीने पाडावा, आणि त्यासाठी नव्या समितीची गरज नाही. जी ओळ पॉपअपमध्ये दाखवणं सक्तीचं आहे, तीच ओळ एफ अँड ओ सुरू करण्यासाठी केलेल्या प्रत्येक कॉलवर ग्राहकाच्या भाषेत उच्चारणं सक्तीचं करा. कॉल रेकॉर्ड होतातच. ती ओळ नसलेल्या कॉलवरून सुरू झालेलं खातं रद्द धरा. अ‍ॅक्टिव्हेशनवर इन्सेंटिव्ह देणं बंद करा; माझ्या मते सगळ्यात आधी हेच. आणि इनबाउंडच्या मुलाने ग्राहकाचा वर्षभराचा दलालीचा आकडा वाचून दाखवला तर तो सल्ला मानू नका, ती माहिती आहे. ग्राहकाचीच माहिती, ग्राहकालाच.

यावर कंपन्या म्हणणार की कॉल लांबतील. ‘एफ अँड ओमध्ये ट्रेड करणाऱ्या दहापैकी नऊ जणांना तोटा होतो’, हे वाक्य मी घड्याळ लावून म्हणून पाहिलं. सावकाश, तासगावच्या काकांना कळेल अशा वेगाने. पाच सेकंद लागले. होल्डवरची जाहिरात याहून कितीतरी लांब असते.