चेहरा भिंतीवर, नाव हजेरीपटाबाहेर

गेल्या महिन्यात दक्षिण दिल्लीतल्या एका कलादालनात छायाचित्रांचं प्रदर्शन पाहायला गेले होते. विषय होता शहर आणि श्रम. माझं पीएच.डी.चं काम ठेकेदारीवरच्या सफाई कामगारांवर आहे, म्हणून एका मैत्रिणीने मुद्दाम कळवलं होतं. वीटभट्टी, बांधकाम, भंगार, गटार अशी तीसेक छायाचित्रं होती. सगळी कृष्णधवल, सगळी मोठ्या आकाराची.

शेवटच्या भिंतीवर एकच छायाचित्र होतं, जवळजवळ माझ्या उंचीचं. मॅनहोलमधून छातीपर्यंत वर आलेला माणूस. अंगावर बनियन, हातात मोजे नाहीत, भुवईवर अडकलेला पाण्याचा थेंब. खालच्या पट्टीवर लिहिलं होतं: शीर्षकहीन, दिल्ली. पुढे साल, कागदाचा प्रकार आणि एकूण प्रतींपैकी ही कितवी, त्याचा क्रमांक. कागद कापसाच्या लगद्यापासून बनवलाय हे मला कळलं. माणूस कोण, हे कळलं नाही.

आधी चित्राबद्दल, कलाकृती म्हणूनच बोलते. आपल्याकडून नेहमी अशी अपेक्षा असते की आपण फक्त अन्यायावर बोलावं, कलेचा निवाडा दुसरे करतील. ही वाटणी मला मान्य नाही.

प्रकाश उत्तम पकडलाय, यात वाद नाही. खांद्यावरून उतरणारी उजेडाची रेघ सहज साधत नाही. पण या प्रकाशात गटाराचं पाणी चांदीसारखं दिसतं. मैल्याला रंग असतो, आणि तो रंगच सांगतो की माणूस कशात उभा आहे. इथे तो काढून टाकल्यावर घाण उरत नाही, नुसती चमक उरते. दुसरी गोष्ट दोराची. त्या माणसाच्या कमरेला बांधलेला दोर वर जातो आणि चौकटीच्या कडेला संपतो. दोराचं दुसरं टोक कोणाच्या हातात आहे? शेजारी मुकादम उभा आहे का? त्याला खाली उतरवलं कोणी? चौकट जिथे कापली आहे, नेमकी तिथेच व्यवस्था सुरू होते. म्हणून माझ्या मते हे देखणं पण अर्धवट छायाचित्र आहे. त्यात भोगणारा दिसतो, भोगायला लावणारा दिसत नाही.

छायाचित्रकार तिथेच होते, प्रेक्षकांना एकेक चित्र समजावून सांगत होते. मी विचारलं, "सर, यांचं नाव काय?"

ते क्षणभर थांबले. म्हणाले, "नाव मुद्दाम दिलेलं नाही. ठेकेदार त्यांना त्रास देईल. आणि हा एका माणसाचा चेहरा नाहीच, सगळ्या श्रमिकांचा आहे."

आजूबाजूच्यांनी माना डोलावल्या. माझ्याकडे तिथे उत्तर नव्हतं, कारण पहिला मुद्दा खोटा नाही. मीही तेच करते. माझ्या प्रबंधात ज्यांच्या मुलाखती आहेत, ते सगळे 'कामगार क्रमांक १४' किंवा 'कामगार क्रमांक २२' आहेत. संशोधनाची नैतिकता मला नाव लपवायला सांगते. मग मी कोणत्या तोंडाने त्यांना नाव विचारते?

परतताना मेट्रोत बसून हा गुंता सोडवत होते. फरक असा आहे की मी नाव लपवते तेव्हा चेहराही लपवते. इथे चेहरा पाच फूट उंच लावलाय आणि नाव तेवढं झाकलंय. ठेकेदार माणसाला चेहऱ्यावरून ओळखत नाही का? म्हणजे संरक्षण काहीच मिळालं नाही, फक्त माणूसपण तेवढं गेलं. आणि नाव द्यायचं की नाही, हे त्या माणसाला कोणी विचारलं होतं का? हा प्रश्न मात्र मलाही लागू होतो. माझ्या संमतीपत्रावर 'आपली ओळख गुप्त ठेवली जाईल' असं आधीच छापलेलं असतं. 'माझं नाव लिहा' असं म्हणायची जागाच त्या कागदावर नाही.

दुसरा मुद्दा, 'सगळ्या श्रमिकांचा चेहरा'. गटारात सगळे श्रमिक उतरत नाहीत. उत्तरेत वाल्मीकी, तमिळनाडूत अरुंधतियार, आंध्र-तेलंगणात मादिगा, अशा ठरावीक दलित जातींच्या वाट्याला हे काम प्रामुख्याने येतं. 'श्रम' हा शब्द इथे जात झाकायचं काम करतो.

आणि नाव ही भावनिक गोष्ट नाही. हाताने मैला साफ करायला लावण्यावर १९९३ मध्ये कायद्याने बंदी आली, २०१३ मध्ये दुसरा, अधिक व्यापक कायदा झाला. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या निकालात १९९३ पासून गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबाला दहा लाख रुपये द्यायला सांगितलं, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ही रक्कम तीस लाख केली. पण भरपाई मागायला मेलेला माणूस कामावर होता हे सिद्ध करावं लागतं. हजेरीपटावर नाव नसेल तर ठेकेदार हात झटकतो: आम्ही याला ओळखत नाही. निनावी ठेवणं हे या धंद्याचं तंत्र आहे. कलादालनाच्या भिंतीवर ते तंत्र सौंदर्य होऊन येतं.

ही नजर जुनी आहे. १८५७ नंतर इंग्रज सरकारने इथल्या लोकांची छायाचित्रं गोळा करून १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' हे आठ खंड छापले. त्यात माणसं जात-जमातीचे नमुने म्हणून येतात, सोबत त्या जातीचा 'स्वभाव' सांगणारा मजकूर. तिथे जात होती, माणूस नव्हता. आजच्या कलादालनाने जातही पुसली, माणूस मात्र अजून आणलेला नाही.

असं होणं अटळ नाही. सुधारक ओलवे यांनी मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांची छायाचित्रं काढली, तीही कृष्णधवलच. म्हणजे दोष काळ्या-पांढऱ्याचा नाही. ओलवे त्यांच्या कामापाशी थांबले नाहीत, घरापर्यंत गेले. मदुराईच्या बाजूचे एम. पलनी कुमार यांनी 'कक्कूस' या २०१७ च्या माहितीपटाचं छायाचित्रण केलं. दिव्या भारती यांचा हा माहितीपट तमिळनाडूतल्या मैला साफ करणाऱ्यांवर आहे. मासे विकणाऱ्या आपल्या आईची छायाचित्रंही त्यांनी त्याच आस्थेने काढली. मदुराई जिल्ह्यातल्याच वाडीपट्टीचे जयसिंग नागेश्वरन आपल्या दलित कुटुंबाकडे कॅमेरा वळवतात, तेव्हा त्यात दलित मुलांसाठी शाळा काढणाऱ्या आजीचा वारसा असतो. या कामात दुःख आहे, पण माणूस नुसता दुःखापुरता नाही.

आमच्या घरी माझ्या आजोबांचा एकच फोटो आहे. ते नगरपालिकेत झाडूकाम करायचे. फोटो स्टुडिओतला, कोट मागून आणलेला, बाह्या बोटांपर्यंत आलेल्या. तो बाबासाहेबांच्या फोटोशेजारी लावलाय. आजोबांना वाटलं असतं तर झाडू हातात घेऊन फोटो काढता आला असता. त्यांनी कोट निवडला. हा 'खरा' फोटो नाही असं कोणी म्हणेल. पण आपण कसं दिसावं हे त्यात त्यांनी स्वतः ठरवलं, आणि कोणत्याही प्रदर्शनात मी आता तेच शोधते.

म्हणून पुढच्या वेळी कलादालनात जाल तेव्हा प्रकाश जरूर पाहा, आणि मग विचारा. चित्रातल्या माणसाने ही प्रत पाहिली आहे का? नाव द्यायचं की झाकायचं, हे कोणी ठरवलं? चित्र विकलं गेलं तर त्याच्या घरी काय पोचतं? कॅमेऱ्यामागे कोण आहे, आणि आपल्या वस्तीतली किती पोरं तिथपर्यंत पोचली? असे प्रश्न विचारले की कलेत राजकारण आणल्याचा आरोप होईल. दोर चौकटीबाहेर कापला तेव्हाच ते आलेलं होतं.

मी माझं संमतीपत्र बदलून घेतलंय. आता त्यावर एक रकाना जास्त आहे: 'माझं नाव लिहावं'. ज्या पहिल्या मावशींना तो वाचून दाखवला, त्यांनी पेन मागून घेतलं आणि नाव पूर्ण लिहिलं, वडिलांच्या नावासकट.

जय भीम.