संशोधनाचा पैसा आणि प्राध्यापकाचा वेळ

सिल्वासा येथे २०१९ साली वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आता संशोधनासोबत हिशेबाची जबाबदारीही आली. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या प्रकल्प-अनुदानातून प्रकल्पापुरत्या नेमलेल्यांचे मानधन निघते; कायम प्राध्यापकाचे वेतन संस्थाच देते. अमेरिकेत मात्र दिलेल्या वेळेच्या प्रमाणात प्राध्यापकाचे वेतनही अनुदानावर टाकता येते. हा वेळ फुगवून दाखविल्याच्या आरोपावरून नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने २००३ साली ५५ लाख डॉलर भरून तडजोड केली. आपल्याकडे तो प्रश्न नाही, म्हणून वेळेच्या नोंदीकडे सहसा लक्षच जात नाही. परंतु प्रकल्पाची परिचारिका वॉर्डाच्या कामास जुंपली, तर तिचे मानधन प्रकल्पाचा खर्च कसे ठरेल? कुपोषित बालकांसाठी आलेला रुपया त्यांच्याच कामी यावा, यासाठी विनियोग प्रमाणपत्रामागे वेळेची प्रामाणिक नोंद हवीच.