उघडता यायला हवं

सुरक्षित घर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बंद घर येतं. मुख्य दाराला सेफ्टी डोअर, त्याला कडी आणि लॅच, खिडक्यांना ग्रिल, बाल्कनीलाही ग्रिल, गच्चीच्या दाराला भलंमोठं कुलूप. चोराच्या धास्तीनं हे सगळं आलं आणि त्यात गैर काही नाही. पण गॅस, आग, धूर हे बाहेरून येत नाहीत, ते घरातच असतात. त्या वेळी कुलूप किती मजबूत आहे याला काही अर्थ उरत नाही. ते किती पटकन उघडतं, यावर सगळं ठरतं.

सगळ्यात बंद जागा म्हणजे बाथरूम. थंडी पडली की गॅस गिझरमुळे गुदमरून मृत्यू झाल्याच्या बातम्या येऊ लागतात. लहानशी बाथरूम, थंडीमुळे बंद केलेली खिडकी, आत पेटलेला गिझर. ज्योत खोलीतला प्राणवायू खाते, तो कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं आणि हाक मारायच्या आत माणूस कोसळतो. बाहेरच्यांना वाटतं, अंघोळ चालू आहे.

म्हणून गॅस गिझर आणि त्याचा सिलिंडर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत हवा. घर भाड्याचं असेल, ते लगेच जमत नसेल, तर दार-खिडकी उघडी ठेवून बादली भरायची, गिझर बंद करायचा आणि थोड्या वेळानं अंघोळीला जायचं. कोणी आत कोसळलं तर आधी दार-खिडकी उघडायची, गॅस बंद करायचा, माणसाला मोकळ्या हवेत आणायचं, १०८ला फोन करायचा आणि डॉक्टरांना गॅस गिझरचं आवर्जून सांगायचं. बंद खोलीत पेटती शेगडी ठेवून झोपण्यातही हाच धोका आहे.

घरात वयस्कर माणूस असेल तर बाथरूमच्या कडीचाही विचार करावा लागतो. ‘कडी न लावता अंघोळ कशी करायची?’ असं आई म्हणाली आणि तिचं म्हणणं रास्तच होतं. मग आतून लागणारी, पण बाहेरून खाचेत नाणं घालून फिरवता येणारी कडी आम्ही बसवून घेतली. तिचा आडोसा राहिला आणि आमचा घोर गेला. दार आतल्या बाजूला उघडत असेल तर पडलेलं माणूसच दाराला अडतं. दुरुस्तीचं काम निघालं की ते बाहेर उघडणारं करून घ्यावं. लहान मुलं खोलीत शिरून कडी लावून घेतात, त्यांच्यासाठी कडी त्यांच्या हाताला पोचणार नाही एवढी वर हवी.

स्वयंपाकघरातल्या गॅसची गोष्ट थोडी निराळी, कारण त्याला वास असतो, किंबहुना कळावा म्हणून तो मुद्दाम मिसळलेला असतो. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड. तो खाली उतरून जमिनीलगत साचतो, त्यामुळे नुसती वरची खिडकी उघडून भागत नाही, दारंही सताड उघडावी लागतात. पाइपनं येणारा गॅस हवेपेक्षा हलका, तो छताकडे जातो. म्हणून त्या स्वयंपाकघरातली वरची झडप थंडीतही बुजवायची नाही. वास आला की दिव्याचं, पंख्याचं, एक्झॉस्टचं कुठलंच बटण दाबायचं नाही, चालू करायलाही नाही आणि बंद करायलाही नाही, कारण ठिणगी दोन्ही वेळा पडू शकते. रेग्युलेटर बंद करायचा, सिलिंडरला टोपण लावायचं, सगळ्यांना घेऊन बाहेर पडायचं आणि मग बाहेरून फोन करायचा. सिलिंडरच्या गळतीसाठी १९०६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. पाइपच्या गॅससाठी आपल्या कंपनीचा तातडीचा क्रमांक बिलावर छापलेला असतो.

आता ग्रिल. खालच्या मजल्यावर ग्रिल लागतंच, वरच्या मजल्यावर लहान मुलांसाठी हवंच. पण मुख्य दाराकडे आग असेल तर बाल्कनीत धावलेल्या माणसांपर्यंत अग्निशमन दलाची शिडी पोचते आणि मध्ये लोखंडी जाळी उभी राहते. ती कापण्यात जो वेळ जातो तो त्या घरातल्या माणसांकडे नसतो. ग्रिल बसवणाऱ्याला सांगून त्यात माणूस बाहेर पडेल एवढी झडप करून घेता येते. तिला कुलूप लावा, पण किल्ली त्याच खोलीत ठरलेल्या खिळ्याला असू द्या, मोठ्यांच्या हाताला लागेल आणि लहानांच्या नाही अशी.

तोच न्याय इमारतीला. धूर वर चढतो, घाबरलेली माणसंही वर पळतात आणि गच्चीचं दार कुलूपबंद असेल तर त्या जिन्यात ती अडकतात. जिन्याच्या वळणावरची चपलांची कपाटं, जुनी सायकल, जिन्याखाली चार्जिंगला लावलेली स्कूटर हे सगळं अंधारात आणि धुरात पायात येतं. २००६च्या महाराष्ट्राच्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार इमारतीतली आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यायचा असतो. सोसायटीच्या सभेत पार्किंगवर तासभर बोलणं होतं. हा दाखला दिला का, हेही कोणीतरी विचारायला हवं.

आगीत एक दार मात्र बंदच करायचं असतं, पेटलेल्या खोलीचं. बाहेर पडताना ते ओढून घेतलं की धूर आणि ज्वाळा काही काळ तिथेच अडतात. मग लिफ्ट टाळून, धुरात खाली वाकून जिन्यानं उतरायचं आणि काहीही आणायला परत जायचं नाही.

बंद दाराचा सगळ्यात नवा धोका फोनमधून येतो. व्हिडिओ कॉलवर पोलिसी गणवेशातला माणूस सांगतो की तुमच्या नावावर गुन्हा आहे, तुम्हाला ‘डिजिटल अरेस्ट’ केलं आहे. त्याची पहिली आज्ञा असते, दार लावून घ्या, कॅमेऱ्यासमोरून हलू नका, घरात कोणाला सांगू नका. अशी अटक भारतातल्या कुठल्याही कायद्यात नाही. ऑक्टोबर २०२४मध्ये पंतप्रधानांनीही ‘मन की बात’मधून हे सांगितलं होतं. तरीही शिकलेली माणसं यात सापडतात, कारण भीती आणि एकटेपण एकाच वेळी त्यांच्यावर लादलं जातं. पैसे गेलेच तर १९३०ला ताबडतोब फोन करायचा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता जास्त.

या रविवारी घरातल्या सगळ्यांनी मिळून एवढं करा. प्रत्येकानं, आजी-आजोबांनी आणि कामाला येणाऱ्या मावशींनीसुद्धा, सेफ्टी डोअर आतून स्वतःच्या हातानं उघडून पाहावं, दिवे मालवूनही. रेग्युलेटर प्रत्येकानं बंद करून पाहावा. हे एकाच माणसाला येत असेल तर तो बाहेर गेला की घर असुरक्षित होतं. एक जादा किल्ली विश्वासाच्या शेजाऱ्याकडे द्यावी. ११२, १०१, १०८, १९०६ आणि १९३० हे क्रमांक मोठ्या अक्षरात दाराशेजारी लावावेत. आणि ज्येष्ठांना निक्षून सांगावं, ‘कोणाला सांगू नका’ असं कोणीही म्हणालं की फोन ठेवायचा, दार उघडायचं आणि शेजारच्यांना हाक मारायची.